पाण्याखालचा नाद

पाणी म्हणजे शांततेचें घर आणि मासा म्हणजे मुका व बहिरा जीव, ही समजूत फार जुनी आहे. ती पुसली जाण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. आणि विशेष हें कीं, त्या इतिहासाचे दोन धागे लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर येऊन मिळतात.

पहिला धागा माशाच्या कानाचा. माशाला बाहेरून दिसणारा कान नाहीं. परंतु १८२० सालीं अर्न्स्ट वेबर या जर्मन शारीरशास्त्रज्ञानें दाखविलें कीं, रोहू-कटल्याच्या कुळांतील माशांच्या पोटांतील हवेची पिशवी आणि डोक्यांतील अंतःकर्ण यांना लहान लहान हाडांची एक सांखळी जोडते. पाण्यांतील कंपनानें पिशवी थरथरते व ती थरथर सांखळीवाटे कानापर्यंत पोंचते. पुढें १८२६ त कोलाडन यानें स्टुर्म याच्या साहाय्यानें जिनिव्हाच्या सरोवरांत घंटा वाजवून सुमारें १३ किलोमीटरांवर तिचा नाद पाण्यांतून ऐकला, आणि त्याचा वेग सेकंदाला १४३५ मीटर ठरविला. हवेंतील वेगाच्या चौपटीहून तो अधिक आहे. तरीहि माशाला ऐकूं येतें काय, हा वाद मिटला नाहीं. १९२३ त कार्ल फॉन फ्रिश यानें शिंगाळ्याच्या जातीच्या एका आंधळ्या माशाला खाद्य देतांना शीळ घालण्याचा क्रम ठेविला. कांहीं दिवसांनीं नुसत्या शिळेनेंच मासा लपण्याच्या जागेंतून बाहेर येऊं लागला.

वेबरची ती सांखळी मावळांतल्या महाशीर माशालाहि आहे. कर्नल साइक्स यानें १८३९ त मुळा-मुठेंतील या माशाचें वर्णन प्रसिद्ध केलें. टॉर खुद्री हें त्याचें शास्त्रीय नांव. टाटांच्या जलविद्युत् योजनेसाठीं लोणावळा, वळवण व शिरवटा येथें तलाव बांधण्यांत आले आणि १९१५ त त्यांचें पाणी ५०० मीटरांहून अधिक खालीं खोपोलीस उतरून वीज देऊं लागलें. पुढें १९७० च्या दशकापासून त्याच वळवणास महाशीरचीं पिलें वाढवून दूरदूरच्या जलाशयांत पाठविलीं जाऊं लागलीं.

दुसरा धागा यंत्राचा. समुद्रापासून दूर अशा याच लोणावळ्यास १९४५ त आरमाराची 'शिवाजी' ही संस्था सुरू झाली आणि जहाजांचीं इंजिनें चालविणारे अभियंते तेथें तयार होऊं लागले. जहाजाचा पंखा वेगानें फिरला म्हणजे पाण्यांत असंख्य बुडबुडे उठतात व फुटतात. त्या फुटण्याचा कोलाहल हाच जहाजाच्या आवाजाचा मोठा भाग होय. जलचरांचे परस्परांस दिलेले संकेत त्यांत बुडून जातात. गंगेंतील डॉल्फिनांवर नौकांच्या आवाजाचा ताण पडतो, असें २०१९ त प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें हा गोंगाट कमी करण्याविषयीं २०१४ त मार्गदर्शक तत्त्वें दिलीं व २०२३ त तीं सुधारलीं; परंतु तीं ऐच्छिक आहेत.

शास्त्रज्ञांचे हे आंकडे सामान्य माणसाच्या कानीं घालण्याचें काम कलावंतांनीं केलें. १९७० त रॉजर पेन यांनीं देवमाशांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. पुढच्याच वर्षापासून मॅक्स न्यूहाउस यांनीं पोहण्याच्या तलावांत पाण्यानें वाजणाऱ्या शिट्या बसविल्या. त्यांचें संगीत डोकें पाण्यांत बुडविल्यावांचून ऐकूंच येत नसे. नॉर्वेच्या याना विंडेरेन यांनीं पाण्यांत ध्वनिग्राहक सोडून टिपलेले जलचरांचे आवाज व मनुष्याचा गोंगाट २०१९ त मायामी येथील मांडणशिल्पांत एकत्र ऐकविले. त्या दालनांत शिरणाऱ्यास उपदेश कोणी करीत नाहीं; मात्र कोणता आवाज कोणत्या आवाजाला गिळतो, हें त्याचें त्यालाच उमगतें.

मावळांत या विषयाला एक निराळें वळण आहे. पवना धरणाच्या कांठीं सुटीच्या रात्रीं तंबू पडतात, ध्वनिक्षेपक गर्जतात. गांवकऱ्यांची झोप त्यानें मोडते, हें खरें. पण हवेंतून पाण्यावर सरळ आदळणाऱ्या ध्वनिशक्तीचा हजारांत सुमारें एकच भाग आंत शिरतो, बाकीचा परत फिरतो. उलट पाण्यांतच फिरणाऱ्या मोटारनौकेच्या पंख्याला असा कोणताहि अडसर नसतो. कांठावर ज्याच्याविषयीं कोणी तक्रार करणार नाहीं, असा आवाजहि पाण्यांत दूरवर जातो.

भारताचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम हवेंतील आवाजाचीं मानकें ठरवितात. पाण्याच्या पृष्ठभागाशीं त्यांचें माप संपतें. तलावांत महाशीरचीं पिलें सोडतांना त्यांची संख्या मोजली जाते. तीं जेथें राहावयाचीं, त्या पाण्यांतला आवाजहि मोजला जावा, एवढें तरी वेबरच्या शोधानंतर दोनशें वर्षांनीं व्हावयास हवें.