हवेवर तरंगणारं होडकं

'टेंडर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निविदा, सीलबंद पाकीट आणि ठेकेदार उभे राहतात. शिडाच्या बोटी बाळगणाऱ्यांच्या जगात मात्र टेंडर म्हणजे मोठ्या बोटीसोबतचं छोटं होडकं. मोठी बोट खोल पाण्यात नांगरून ठेवायची, आणि माणसं, भाजी, पाण्याचे कॅन, धुवायचे कपडे घेऊन किनाऱ्याला ये-जा करायची ती यातून. आपल्या कोकणातही गलबताबरोबर असं होडकं असायचं. एकाच लाकडात कोरलेल्या लहान होडीला तिकडे 'पगार' म्हणत. महिनाअखेरीशी तिचा काही संबंध नाही.

माझी मुलगी आणि जावई दक्षिण इंग्लंडमध्ये राहतात. त्यांनी दोन वर्षांपूर्वी बत्तीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली. बरोबर दोन नाती, एक नऊ वर्षांची, एक सहा. जावयाने फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही एवढी वर्षं जहाजावर काढलीत. सांगा, होडकं कडक घेऊ की हवा भरायचं?" माझं आयुष्य गेलं इंजिनरूममध्ये, तिथे समुद्र फक्त पाइपातून भेटतो. तरी चार ओळींचं उत्तर देऊ म्हणून वाचायला बसलो आणि वाचतच राहिलो.

हवेवर तरंगायची कल्पना काही रबराबरोबर आलेली नाही. निमरूदच्या राजवाड्यातली, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत फुगवलेल्या कातड्यांना मिठी मारून नदी ओलांडणारी माणसं दिसतात. सतलज आणि बियासवर फुगवलेल्या म्हशीच्या कातड्यावर पालथं पडून लोक पार होत. आपल्याकडे कातड्याऐवजी वाळका भोपळा. भोपळ्यांची सांगड बांधून नदी उतरत, आणि मी स्वतः विहिरीत पोहायला शिकलो तो पाठीला भोपळा बांधूनच. तत्त्व एकच : आत कोंडलेली हवा आणि तिला सोडून न देणारं आवरण. गोची सगळी त्या आवरणाची.

आवरणाचा प्रश्न सुटायला लागला १८२३ साली. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये नॅफ्थ्यात विरघळवलेल्या रबराचा थर देऊन पाणी न शिरणारं कापड तयार केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. हे कापड उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत ताठरायचं, पण हवा धरून ठेवायचं. त्याची होडी करायचं डोक्यात आलं ते पीटर हॅल्केट या ब्रिटिश आरमारी लेफ्टनंटच्या.

त्यामागे एक भयंकर हकीकत आहे. जॉन फ्रँकलिन यांची कॅनडातली पहिली भूमोहीम १८२१च्या सप्टेंबरात परत फिरली, तेव्हा वाटेत कॉपरमाइन नदी आडवी आली. होड्या आधीच गमावलेल्या, अन्न संपलेलं. पात्र फार रुंद नव्हतं, पण पाणी बर्फासारखं आणि धार जोराची. आठवड्याहून जास्त काळ ती माणसं त्या काठावर अडकून पडली. शेवटी विलोच्या फांद्यांवर बिछान्याचं ताडपत्रीसारखं कापड ताणून एकाने चिमुकली होडी बनवली आणि एकेक जण पलीकडे गेला. वीस जणांपैकी अकरा मेले, बहुतेक भुकेने. जवळ एक हलकं होडकं असतं तर?

हॅल्केट यांनी १८४४च्या सुमारास त्याचं उत्तर अंगावर घालायच्या झग्यात शोधलं. रबरी कापडाचा झगा, खिशात छोटा भाता. भात्याने हवा भरली की काही मिनिटांत एका माणसाची होडी तयार. हातातल्या काठीला पातं जोडलं की वल्हं, छत्री उघडली की शीड! चित्र पाहून हसू येतं, पण आतल्या रचनेत हसण्यासारखं काही नाही. हवेचे चार स्वतंत्र कप्पे होते, म्हणजे एक फुटला तरी होडी बुडणार नाही. आज दुकानात विक्रेता "याला तीन चेंबर आहेत" म्हणून ज्याची शेखी मिरवतो, ते हेच. पाठपिशवीत मावणारी दोन माणसांची होडीही त्यांनी केली. आरमाराच्या वरिष्ठांनी १८४५मध्ये कळवलं की कल्पना चतुर आहे, शोधमोहिमांना उपयोगी पडेल, पण आरमाराच्या नेहमीच्या कामाला नाही. सरकारी भाषा सगळीकडे सारखीच. ध्रुवप्रदेशात फिरणाऱ्या जॉन रे यांनी मात्र १८४६च्या मोहिमेत ती होडी वापरली आणि वाखाणली. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस संग्रहालयात अशी एक होडी अजून जपलेली आहे.

पुढे चार्ल्स गुडइयर आणि थॉमस हॅनकॉक यांनी गंधक घालून रबर पक्कं करायची रीत शोधली. विसाव्या शतकात कृत्रिम रबरं आली. फ्रान्सच्या 'झोडिअ‍ॅक' कंपनीचा धंदा होता हवाई फुग्यांचा आणि हवाई जहाजांचा. ते जग मावळायला लागल्यावर त्यांच्या पिएर दब्रुतेल यांनी १९३४च्या सुमारास तेच कसब पाण्यावर आणलं. त्या जातीच्या सुमारे साडेचार मीटर होडीतून डॉ. अलँ बोंबार हे फ्रेंच डॉक्टर १९५२च्या ऑक्टोबरात कॅनरी बेटांवरून निघाले आणि ६५ दिवसांनी, २३ डिसेंबरला, बार्बाडोसला लागले. थोडं थोडं समुद्राचं पाणी पिऊन माणूस जगू शकतो, हा त्यांचा दावा पुढे हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरांनी खोडून काढला. पण फुगवलेलं रबर अटलांटिक ओलांडतं, एवढं मात्र बोंबार यांनी दाखवून दिलं.

खाली कडक तळ आणि भोवती हवेच्या नळ्या, अशी होडी १९६०च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात घडत गेली. निवृत्त रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होर तिथले प्रमुख. मुलं बचावाच्या सरावासाठी रबरी होड्या गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढत, आणि तळ फाटत. म्हणून त्यांनी खाली प्लायवुड चिकटवून पाहिलं. त्याचं पेटंट होर यांनी ब्रिटिश लाइफबोट संस्थेला एका पौंडात दिलं. (पुण्याजवळ मुळशी खोऱ्यातलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे याच शिक्षणसंस्थेच्या परिवारातलं.)

इथवर जावई खूश होता. मग मी त्याला दोन कुटुंबांच्या गोष्टी सांगितल्या.

डुगल रॉबर्टसन हे माझ्यासारखेच व्यापारी जहाजांवरचे, पुढे गाईगुरं पाळून शेती करणारे. १९७१च्या जानेवारीत ते बायकोमुलांसह 'ल्युसेट' या लाकडी बोटीतून फालमथहून निघाले. १५ जून १९७२ला गालापागोसच्या पश्चिमेला किलर व्हेल माशांनी धडक दिली आणि बोट एक-दोन मिनिटांत गेली. सहा माणसं, त्यांत जुळे लहान मुलगे. हाताशी लागले ते फुगणारा तराफा आणि 'एडनामेअर' नावाची नऊ फुटी फायबरग्लासची डिंगी. डिंगीला शीड लावून त्यांनी तराफा ओढत नेला. तराफा झिजला, गळायला लागला, आणि साधारण अडीच आठवड्यांनी तो सोडून सहाही जण त्या डिंगीत शिरले. ३८व्या दिवशी जपानी मासेमारी बोटीने त्यांना उचललं.

दुसरं जोडपं मॉरिस आणि मॅरलिन बेली. त्यांची बोट एकतीस फुटी, जवळपास आमच्या बोटीएवढीच. ४ मार्च १९७३ला तीही व्हेलनेच फोडली, पण बुडायला पाऊण तासाच्या आसपास वेळ घेतला. त्यांच्याकडे तराफा आणि डिंगी दोन्ही फुगवायच्या. ती एकमेकींना बांधून, सेफ्टी पिनांच्या गळांनी मासे धरत, हवा गेली की पुन्हा पंप मारत ते ११७ दिवस तगले. सात जहाजं त्यांना न बघता निघून गेली. शेवटी कोरियन मच्छीमारांनी वाचवलं.

"म्हणजे कडकच घ्यायची?" जावयाने विचारलं.

तसं नाही. बत्तीस फुटी बोटीच्या डेकवर कडक होडकं ठेवलं तर शिडाचं काम करायला जागा उरत नाही, आणि मागे ओढत नेलं तर मागून येणाऱ्या लाटेवर ते बोटीवरच आदळतं. शिवाय लहान मूल होडक्याच्या कडेवर पाय ठेवतंच. कडक डिंगी तेव्हा कलंडते. हवेची नळी नुसती थोडी दबते. रबरी होडकं वल्हवायला मात्र वाईट, वाऱ्यात पानासारखं भरकटतं. राहता राहिला कापडाचा प्रश्न. पीव्हीसी स्वस्त आणि हलकं, पण उन्हाने लवकर खराब होतं. हायपॅलॉन महाग, उन्हाला टिकणारं. ड्युपाँटने १९५१मध्ये आणलेलं ते नाव त्यांनी स्वतः २०१०मध्ये उत्पादन थांबवलं तरी दुकानात चालूच आहे.

रॉबर्टसन आणि बेली यांच्यातला फरक मला होडक्यापेक्षा वेळेचा वाटला. एकाला मिनिटं मिळाली, दुसऱ्याला पाऊण तास. घडी घालून कप्प्यात ठेवलेली 'एडनामेअर' 'ल्युसेट'बरोबरच तळाला गेली असती. म्हणून मी हट्ट धरला : हायपॅलॉनचं, हवेच्या तळाचं घे, पण किनाऱ्यापासून लांब जाताना अर्धं फुगवून डेकवर बांध, आणि पंप, ठिगळं, वल्ही त्यातच बांधून ठेव. "आम्ही कुठे पॅसिफिकला चाललोय, बाबा," तो म्हणाला. पहिल्याच सहलीला त्याने ते घडी घालून पंपासकट कप्प्यात टाकलं. मी काही बोललो नाही; थोरलीने मात्र बाबांना सगळं बाहेर काढायला लावलं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही फालमथच्या सागरी संग्रहालयात गेलो. 'एडनामेअर' तिथे ठेवलेली आहे. थोरलीने तिच्या बाजूने टाचेला टाच लावत पावलं मोजली. आमचं होडकं हिच्याहून वीतभर आखूड, आणि त्याच्यावर कमाल चार माणसं असं छापलंय. धाकटी बराच वेळ आत डोकावत राहिली आणि मग तिने विचारलं, "आजोबा, सहा जण झोपायचे कसे?"

पाळीपाळीने, मी सांगितलं, आणि जागं असलेल्याने पाणी उपसायचं.