जंतूंच्या राज्यांतील धाकटे कारभारी

शास्त्राचा इतिहास म्हणजे विजयांची मिरवणूक, अशी समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. एकानें पाया घातला, दुसऱ्यानें भिंत उभारली, तिसऱ्यानें कळस चढविला, असें पाठ्यपुस्तकांतून आम्ही वाचतों आणि विद्यार्थ्यांसही शिकवितों. प्रत्यक्ष प्रकार पुष्कळदां निराळा असतो. वस्तु डोळ्यांसमोर असते, ती दिसतेही. परंतु तिचें काम काय, हें विचारावयाचें कोणास सुचत नाहीं. रोगजंतूंच्या अंगांतील लघु आरएनएची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे, म्हणून ती वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

प्रत्येक सजीव पेशीचा मूळ मजकूर डीएनएमध्यें लिहिलेला असतो. त्यांतील एकेका कलमाची, म्हणजे जनुकाची, नक्कल आरएनएच्या रूपानें निघते आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिनें तयार होतात. परंतु सगळीं जनुकें सर्वकाळ चालू नसतात. कोणतें केव्हां चालावें, हें कोण ठरवितो? १९६१ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील फ्रान्स्वा जाकोब व झाक मोनो यांनीं असें प्रतिपादिलें कीं, कांहीं जनुकांपासून 'निरोधक' द्रव्य निघतें व तें इतर जनुकांस बंद पाडतें. हें द्रव्य आरएनए असावें, असा त्यांचा त्या वेळीं कयास होता. १९६६ सालीं वॉल्टर गिल्बर्ट व बेनो म्युलर-हिल यांनीं एक निरोधक हस्तगत केला, तेव्हां तो प्रथिनाचा निघाला. हा शोध बिनचूक होता. पण त्यावरून जें अनुमान रूढ झालें, तें पुराव्याच्या पलीकडचें होतें. नियमनाचा अधिकार प्रथिनांचा आणि आरएनए हा केवळ सांगकाम्या, असें सर्वांनीं धरून चालावयास आरंभ केला.

योगायोग असा कीं, पुढच्याच वर्षीं, १९६७ मध्यें, आंतड्यांतील एश्चेरिशिया कोलाय या जंतूंत '६एस' नांवाचा एक लहानसा आरएनए आढळला. १९७१ मध्यें त्याचीं अक्षरें क्रमवार वाचूनही झालीं. त्यापासून प्रथिन होत नव्हतें. मग त्याचें काम काय? याचें उत्तर मिळण्यास २००० साल उजाडावें लागलें. जनुकांच्या नकला काढणारें जें यंत्र, त्यासच हा आरएनए, जंतूची वाढ खुंटली असतां, धरून बसतो, असें कॅरन वासरमन व जिझेला स्टॉर्झ यांनीं दाखविलें. मध्यंतरीं ३३ वर्षें गेलीं! १९६८ मध्यें सांपडलेल्या एचएफक्यू या प्रथिनाचीही गत तीच. जंतूंवर पोसणाऱ्या एका विषाणूचा मदतनीस म्हणून तें प्रथम प्रसिद्धीस आलें. लघु आरएनएची त्याच्या लक्ष्याशीं गांठ घालून देणें, हें त्याचें घरचें काम फार उशिरा कळलें.

दरम्यान कांहीं खुणा दिसूं लागल्या होत्या. १९८१ मध्यें प्लास्मिड, म्हणजे जंतूंतील डीएनएचीं सुटीं वर्तुळें, आपली संख्या लघु आरएनएच्या साह्यानें मर्यादेंत ठेवतात, असें आढळलें. १९८४ मध्यें मासायोरी इनौये व त्यांचे सहकारी यांनीं 'मिकएफ' हा आरएनए उजेडांत आणिला. बाह्यावरणांतील एका प्रथिनाच्या संदेशाशीं याचीं अक्षरें जुळतात. तो त्या संदेशास चिकटला कीं प्रथिन घडविणाऱ्या रायबोसोमास बसावयास जागाच उरत नाहीं. युक्ति काटकसरीची आहे. नवें प्रथिन घडविण्याचा खर्च नाहीं, आणि हुकूम तत्काळ अमलांत येतो. तरीही हे प्रकार अपवाद म्हणूनच नोंदले गेले.

१९९३ मध्यें मात्र प्रश्न रोगाच्या दाराशीं येऊन ठेपला. गळवें, जखमांतील पू व रक्तदोष यांस कारण होणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूंत रिचर्ड नोव्हिक व त्यांचे सहकारी यांस असें आढळलें कीं, त्याच्या मारकपणाचीं सूत्रें 'आरएनए-३' या ५१४ अक्षरांच्या आरएनएच्या हातीं आहेत. जंतु थोडे असतां ते पृष्ठभागावरील प्रथिनें बनवितात. गर्दी झाली कीं हा आरएनए वाढतो, तीं प्रथिनें कमी होतात आणि विषें बाहेर पडूं लागतात. एका संदेशास तो दाबतो, तर दुसऱ्याची मिटलेली घडी उलगडून त्यास वाट करून देतो. त्याच वर्षीं एका सूक्ष्म कृमींत अशाच लघु आरएनएचा शोध प्रसिद्ध झाला व त्याबद्दल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांस २०२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

पटकीची कथा आमच्या वाचकांस अधिक जवळची वाटेल. पंढरीच्या वाटेवर या रोगानें एके काळीं किती घरें ओस पाडलीं, हें महाराष्ट्रास सांगावयास नको. १८८४ मध्यें रॉबर्ट कॉख यांनीं कलकत्त्यास या रोगाचा जंतु निश्चित केला. १९५९ मध्यें त्याच शहरीं शंभुनाथ डे यांनीं त्याचें विष सिद्ध केलें. परंतु जंतूनें हत्यार केव्हां उपसावें व केव्हां म्यान करावें, या निर्णयांत लघु आरएनएचा हात आहे, हें प्रिन्स्टन येथील बॉनी बासलर यांच्या मंडळीनें २००४ मध्यें दाखविलें. जंतु विरळ असतां चार लघु आरएनए, एचएफक्यूच्या मदतीनें, 'हॅपआर' या नियामकाचा संदेश नष्ट करवितात व मारक जनुकांस मोकळीक मिळते. संख्या वाढली कीं ते चौघे मागें सरतात, हॅपआर तयार होतो आणि मारा थांबतो. स्टॅफिलोकोकसच्या अगदीं उलट! एक गर्दी झाल्यावर विष सोडतो, दुसरा गर्दी झाल्यावर आवरतें घेतो.

२००१ मध्यें तीन निरनिराळ्या मंडळींनीं एश्चेरिशिया कोलायमध्यें लघु आरएनएचा पद्धतशीर शोध घेतला, तेव्हां ते डझनांनीं सांपडले. ते काय त्या वर्षीं जन्मले होते? ते आकारानें लहान, त्यांपासून बहुधा प्रथिन होत नाहीं, आणि जनुक म्हणजे प्रथिनाचा मजकूर अशा समजुतीनें चाळणी केली असतां ते खालीं गळून पडत. चाळणीचीं छिद्रें आमच्याच समजुतीनें पाडलेलीं होतीं.

ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे. जंतुनाशक औषधें एकामागून एक निष्प्रभ होत असतां, जंतूस न मारितां निःशस्त्र करितां येईल काय, हा प्रश्न जीवनमरणाचा झाला आहे. या मार्गाचें औषध रुग्णाच्या हातीं पडण्यास अजून अवकाश आहे. पण ६एसचें काम कोणीं आणखी ३३ वर्षें विचारलें नसतें, तर हा मार्गही दिसला नसता. ज्याचा उपयोग ठाऊक नाहीं तें निरुपयोगी, हा न्याय सोयीचा खरा. त्याची किंमत मात्र पुढील पिढीस मोजावी लागते.