बोलण्याआधीचा धडा: डहाणू-तलासरीने नवी भाषा शिकवण्याबद्दल काय शिकवले?

१/
पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात सुमारे ९० टक्के लोक आदिवासी आहेत. शेजारच्या डहाणूतही बहुसंख्य तेच. येथील अनेक वारली मुले घरी वारली बोलतात, शाळेत मराठी ऐकतात आणि पहिलीपासून इंग्रजीही शिकतात. परकी भाषा मुलाला बोलती कशी करावी, हा प्रश्न या भागाने इंग्रजी पहिलीत येण्याच्या अर्धशतक आधी हाती घेतला होता. त्याचा हा इतिहास. 🧵

२/
आधी इंग्रजीकडे पाहू. जुन्या शाळेत इंग्रजी म्हणजे व्याकरण, भाषांतर आणि पाठांतर. त्याविरुद्ध ‘प्रत्यक्ष पद्धती’ पुढे आली: वस्तू दाखवायची, इंग्रजी शब्द उच्चारायचा, मध्ये भाषांतर आणायचे नाही. भारतीय शाळांसाठी या पद्धतीवर पुस्तक लिहिणाऱ्यांपैकी एक होते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील पी. सी. रेन. होय, ‘रेन अँड मार्टिन’मधले रेन! ज्यांचे नाव पुढे व्याकरणाशी कायमचे जोडले गेले, त्यांनी बोलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीचाही पुरस्कार केला होता.

३/
पुढे जगभर दोन तट पडले. १९२२ साली टोकियोत गेलेले हॅरल्ड पामर म्हणत, आधी कान व जीभ, मग पुस्तक. ढाक्यात काम करणारे मायकेल वेस्ट १९२६ च्या आपल्या ग्रंथात नेमके उलटे मांडत होते: बहुतेक मुले लवकर शाळा सोडतात, अपुऱ्या वेळात बोलणे धड येत नाही, पण वाचन आले तर ते जन्मभर उपयोगी पडेल.

४/
या वादात एक गोष्ट मात्र न बोलता गृहीत धरलेली होती. इंग्रजी कशीही शिकवा, ढाक्यातील शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही बंगाली जाणत. मुलाचे अडले तर त्याची अडचण गुरुजींना कळत असे. डहाणूच्या पाड्यावरून शाळेत आलेल्या वारली मुलाला एवढाही आधार नव्हता. त्याच्यासाठी मराठीच परकी होती आणि त्याची बोली गुरुजींना परकी होती.

५/
असे मूल वर्गात गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याला मंदपणा समजले जाते. वास्तविक वारली समाज मौखिक परंपरेने अत्यंत संपन्न आहे. लग्न लागते ते धवलेरी या स्त्रीच्या गाण्याने. तिच्या शब्दांवाचून विधी पुरा होत नाही. भगत कणसरी या धान्यदेवतेची कथा दीर्घकाळ गातो. स्वतंत्र लिपी नसलेल्या भाषेत एवढे मोठे वाङ्मय केवळ कंठात जपले गेले. अशा घरातले मूल मुके कसे असेल?

६/
मग ते गप्प का? याचे एक उत्तर १९४५ च्या इतिहासात आहे. वारली कुळे सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीत पिचत होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे (आज तलासरी तालुका) किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठ नाकारण्याचा निर्धार जाहीर केला. पिढ्यान्‌पिढ्या मालकापुढे खाली मान घालून उभी राहिलेली माणसे उघड बोलू लागली. त्यांना शब्द कोणी नव्याने शिकवले नव्हते; भय तेवढे ओसरले होते.

७/
त्याच वर्षी, २४ डिसेंबर १९४५ रोजी, डहाणू तालुक्यातील किनाऱ्यावरच्या बोर्डी गावी ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या. सोबतीला ३५ वर्षांच्या अनुताई वाघ होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

८/
पहिली अडचण होती ती मुले येतच नसत ही. कोणी भावंडे सांभाळी, कोणी गुरे राखी. तेव्हा उपाय निघाला: मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे. हीच ‘अंगणवाडी’. गुरांमागे रानात जाणाऱ्यांसाठी ‘कुरणशाळा’ भरली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

९/
अंगणवाडीचे महत्त्व सहसा पोषण व आरोग्याच्या अंगाने सांगितले जाते. भाषेच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात एक मोठी उलथापालथ आहे. शाळेत मूल परके असते, शिक्षिका यजमान. पाड्याच्या अंगणात मूल यजमान आणि शिक्षिका पाहुणी. आजी ओटीवर बसलेली, भावंडे अवतीभवती. तिथे शब्द चुकला तर कोणी छडी उगारत नाही. उलट शिक्षिकेलाच वारली शब्द विचारून घ्यावा लागतो.

१०/
साधनेही तिथलीच. मॉन्टेसरीची महाग उपकरणे परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पाने, शंखशिंपले, खडे वापरले गेले. मुलाला ओळखीची वस्तू हातात असली की नवा असतो तो केवळ शब्द. त्यातच बडबडगीतांची भर. ताल, पुनरुक्ती आणि समूहाचा आवाज यांमुळे लाजरे मूलही ओठ हलवू लागते. एकट्याला उभे करून उत्तर विचारण्याचा धाक तिथे नसतो. अक्षर फार पुढे येते.

११/
या प्रयोगाला मर्यादाही होती. घरच्या बोलीवरून शाळेच्या मराठीकडे जायचे, तर बोली हा पूल ठरतो. पैलतीर गाठल्यावर तिचे काय, हा प्रश्न उरतो. १९८२ साली अनुताईंनी ‘ग्राममंगल’ची स्थापना केली. रमेश पानसे यांच्यासारखे शिक्षणतज्ज्ञ तिच्याशी जोडले गेले आणि डहाणू तालुक्यातील ऐने येथे मुलाच्या भाषेतून व अनुभवातून शिकण्याचा विचार पुढे चालू राहिला.

१२/
आता इंग्रजी. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले. पुढे ती पाचवीपर्यंत खाली आली आणि २००० साली महाराष्ट्राने ती थेट पहिलीत आणली. यामागे समतेची रास्त मागणी होती: शहरातल्या मुलाला जे मिळते, ते पाड्यावरच्या मुलाला का नको? मागणी खरी होती. पण वारली मुलाच्या वाट्याला त्यामुळे एकाच वेळी दोन नव्या भाषा आल्या.

१३/
दरम्यानच्या काळात जगाचे मतही बदलत होते. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही शाळांत वेगळा प्रयोग केला. इंग्रजी वाक्यरचना घोकवण्याऐवजी त्यांनी मुलांना नकाशा वाचणे, वेळापत्रक लावणे अशी कामे दिली. लक्ष अर्थावर असले की भाषा मागोमाग येते, हे त्यांचे म्हणणे. आज ‘कार्याधारित भाषाशिक्षण’ म्हणून ते जगभर अभ्यासले जाते. कोसबाडच्या बिया-शिंपल्यांशी त्याचे नाते सहज दिसेल.

१४/
म्हणून या इतिहासाचा उपयोग आजच्या इंग्रजीच्या तासाला आहे. ‘रिपीट आफ्टर मी’ म्हणून वर्गाने एका सुरात ओरडलेले वाक्य हे उच्चारण आहे. त्याला संभाषण म्हणता येत नाही. पावसाळ्यात खेकडे कसे पकडले, हे मुलाला प्रथम वारलीत सांगू द्यावे. मग वर्गाने मिळून ते मराठीत आणावे आणि त्यातली तीनच वाक्ये इंग्रजीत. सांगण्याजोगे काही आहे आणि ऐकणारे कोणी आहे, ही खात्री असली की तिसरी भाषाही जड जात नाही.

१५/
पामर आणि वेस्ट यांचा वाद होता, आधी बोलणे की आधी वाचन. डहाणू-तलासरीच्या अनुभवाने त्याआधीची पायरी दाखवली: आधी ऐकणे, आणि तेही शिक्षकाने. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. पाड्यावर मराठी वा इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या प्रत्येक तरुण शिक्षकाला ही पायरी आजही पहिल्याच दिवशी चढावी लागते.

#इतिहास #डहाणू #तलासरी #भाषाशिक्षण