तळटीप : ‘साप्पोरोची बुलेट ट्रेन’

* मजकुरात ‘साप्पोरोची बुलेट ट्रेन’ असा उल्लेख आला असला, तरी होक्काइदो शिनकान्सेन अजून साप्पोरोला पोहोचलेली नाही. मार्च २०१६पासून ती शिन-हाकोदाते-होकुतोपर्यंतच धावते. पुढचा सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग बांधला जात असून त्यावर शिन-याकुमो, ओशामाम्बे, कुच्चान, शिन-ओतारू आणि साप्पोरो अशी स्थानके येतील. ‘शिन’ म्हणजे नवे. नावाआधी हे अक्षर दिसले की स्थानक मूळ गावापासून दूर आहे, असे बहुधा समजावे. शिन-याकुमो तर चक्क कुरणांच्या मुलखात उभे राहते आहे. आधीचे शिन-हाकोदाते-होकुतो हे लांबलचक नावही दोन शहरांच्या ओढाताणीतून आले : प्रवासी हाकोदातेचे, जमीन होकुतोची.

ओशामाम्बे खेकड्याच्या भाताच्या डब्यासाठी, तर कुच्चान निसेकोच्या बर्फासाठी ओळखले जाते. या नव्या मार्गावर गाडीच्या खिडकीबाहेर काय दिसेल, हे मात्र विचारू नये. विस्ताराचा सुमारे ८० टक्के भाग बोगद्यांत आहे. योतेई बोगद्यात खोदाई यंत्रासमोर प्रचंड खडक आले आणि काम दीर्घकाळ अडले. २०३० या आर्थिक वर्षाच्या अखेरचा मुहूर्त त्यामुळे हुकला. आता २०३८ या आर्थिक वर्षाच्या अखेरच्या सुमारास गाडी सुरू होईल, असा अंदाज आहे. लेखकाने रंगवलेला प्रवास ओशामाम्बे ते ओतारू या जुन्या डोंगरी मार्गावरचा आहे. नवी गाडी आली की तो मार्ग बंद करायचे ठरले आहे. – संपा.