वही कुणाच्या हाती

परळी तालुक्यातल्या धर्मापुरीचं केदारेश्वर मंदिर बघायला लोक जातात ते त्याच्या बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरींसाठी. हे देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. त्याच राजवटीची, पण बीदर जिल्ह्यातल्या जलसंगवीच्या देवळावरची एक सुंदरी जरा वेगळ्या कामात दंग आहे. ती चक्क लिहिते आहे. लिहिते काय, तर सहाव्या विक्रमादित्याची स्तुती. लेखणी बाईच्या हातात आणि मजकूर राजाचा! मराठवाड्यातल्या नोंदींचा पुढचा इतिहास बराचसा याच चालीने गेला.

विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर हा तर वर्गवारीचा मोठा शौकीन. ११२९च्या सुमारास सिद्ध झालेल्या त्याच्या ‘मानसोल्लासा’चे भाग पाच, प्रत्येक भागात अध्याय वीस, म्हणजे एकूण शंभर. राज्य मिळवणं आणि ते टिकवणं यांवर दोन भाग आटोपले, की उरलेले तीन उपभोग, विनोद आणि क्रीडा यांना. अंघोळ कशी करावी, विडा कसा असावा, ताटात काय काय वाढावं, हत्ती कसा पारखावा, सगळं आपापल्या खणात. फोनमध्ये ‘घर’, ‘प्रवास’, ‘रेसिपी’ अशा याद्या करून ठेवणाऱ्या आजच्या माणसाला हा राजा लगेच आपला वाटेल. याच ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशीही एक नोंद आहे. राजाने त्यांचं गाणं टिपलं. बायकांनी मात्र ते कुठं लिहून ठेवलं नव्हतं. त्यांची वही म्हणजे त्यांचं पाठांतर.

धर्मापुरीहून अंबाजोगाई जवळच. तिथले दासोपंत (१५५१–१६१५) यांनी लिहिण्यासाठी कागदही पुरेसा मानला नाही. ‘पंचीकरण’ हा विषय म्हणजे देह आणि सृष्टी यांतल्या तत्त्वांची मोजदाद. तो त्यांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या कापडावर, ओव्यांत उतरवला. पानंच नाहीत, तेव्हा उलटण्याचा प्रश्नच नाही. उलगडत जायचं आणि वाचायचं. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने मजकूर सरकवण्याची सवय झालेल्या पिढीला हे फार अवघड वाटू नये. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो.

दासोपंतांच्या चरित्रातली सर्वांत लाडकी आख्यायिका हिशेबाचीच आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. वडील दिगंबरपंत देशपांडे. सारा थकला म्हणून बीदरच्या बादशहाने पोराला ओलीस धरलं आणि दत्ताजी पाडेवार नावाच्या माणसाच्या रूपात साक्षात दत्ताने येऊन थकबाकी भरली, अशी ही कथा. देवाला चमत्कार करायला दुसऱ्या कुठल्या जागा नव्हत्या असं नाही. पण ज्या मुलखात बाकीचा आकडा दुसऱ्याच्या दप्तरात असतो, तिथं भक्तांना हाच चमत्कार हवासा वाटला असणार.

जालना जिल्ह्यातल्या जांबेचे रामदास लिहिण्याच्या बाबतीत रोखठोक. ‘दासबोधा’च्या १९व्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेचा. ओळी सरळ असाव्यात, अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत सारखं असावं, समास सोडावा. लेखण्या, शाई, कागद, चाकू कसे असावेत, इथपर्यंत त्यात सगळं येतं. कागद या मुलखाला परका नव्हता. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात तो हातानं बनत असे.

कागद आले तसे दप्तरांचे ढीगही आले. रोजच्या व्यवहाराची रोजकीर्द तारीखवार लिहायची, मग तीच माणूसवार खतावणीत उतरवायची आणि कागदांचे गठ्ठे फडक्यात बांधून त्यांचे रुमाल करायचे. लिहिण्यापेक्षा पुन्हा सापडणं अवघड, हे ओळखून केलेली ही व्यवस्था होती. निजामाच्या राज्यात तिच्यात भाषेची आणखी एक गाठ बसली. १८८४पासून हैदराबादचा कारभार फारसीऐवजी उर्दूत चालू लागला. शेत बीडच्या मराठी शेतकऱ्याचं, पण वरच्या कचेरीतला कागद त्याला वाचता येईना. अंबाजोगाईचं नावही दप्तरात मोमिनाबाद. आजही तिथल्या जुन्या नोंदी हुडकणाऱ्याला हे दुसरं नाव ठाऊक नसेल, तर समोरचा कागद हातातून निसटतो.

या गाठी किती घट्ट आहेत, ते २०२३मध्ये साऱ्या राज्याने पाहिलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्याच्या कचेऱ्यांतून ‘कुणबी’ अशा नोंदी शोधायचं काम सुरू झालं आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. मराठा आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू खरी, हा वेगळा विषय. पण पणजोबाची जात कुठल्याशा कारकुनाने कशी लिहिली, यावर पणतवंडांचा दाखला अवलंबून राहिला, हे नोंदीचं खरं वजन.

बीड जिल्ह्यात याहून रोजच्या जगण्याला भिडणारी एक वही आहे, ती ऊसतोडीच्या मुकादमाची. जोडप्याने मिळून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तिच्यात लिहिलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामभर किती टन ऊस तुटला, खाडा किती झाला, उचल किती फिटली, हा सगळा हिशेब त्या वहीतून निघतो आणि ती वही मजुराच्या पिशवीत नसते. बाकी निघाली की पुढच्या हंगामालाही तिथंच बांधून घ्यायचं. दत्ताजी पाडेवार इथं येत नाही.

नोंदींची अॅप्स आली ती शहरी माणसाची कामं डोळ्यांपुढे ठेवून. २००८मध्ये एव्हरनोट, २०१३मध्ये गूगल कीप. बैठका, खरेदीच्या याद्या, कात्रणं, पासपोर्टची तारीख असा सगळा संसार त्यांत मावतो. धर्मापुरीसारख्या गावाच्या दृष्टीने मोठी गोष्ट घडली ती ऑगस्ट २०१७मध्ये. गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टंकलेखनाची सोय दिली. ज्याला लिहायचा कंटाळा किंवा धाक, त्यालाही आता ‘आज अडीच टन भरला’ एवढं बोलून ठेवता येतं, वजनाच्या पावतीचा फोटो जोडता येतो, आणि मुकादमाच्या आकड्याशेजारी स्वतःचा आकडा उभा करता येतो. एवढ्याशा सोयीचं महत्त्व पुण्या-मुंबईत बसून कळणं कठीण.

सरकारनेही मग तोच मार्ग धरला. गावचा संसार महसूल खात्याने २१ गाव नमुन्यांत बसवलेला. त्यातल्या १२व्या नमुन्यात कुठल्या शेतात कुठलं पीक, ते तलाठी लिहायचा, पुष्कळदा चावडीत बसूनच, अशी तक्रार जुनी. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणीचं अॅप आलं आणि पेरा शेतकऱ्यानेच नोंदवायचा असं ठरलं. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जागा फोन स्वतःच टिपणार. चूक झाली तर ४८ तासांत दुरुस्तीची सोयही पुढे आली. कर्ज, विमा, नुकसानभरपाई या सगळ्याला ही नोंद लागते.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. रब्बीची पाहणी ऐन हिवाळ्यात येते. तेव्हा एकर-दोन एकर कोरडवाहू राखून असलेला बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात असतो. अॅप खिशात आणि शेत शेकडो किलोमीटरवर. त्याचा हरभरा सातबाऱ्यावर चढवायचा तर गावात राहिलेल्या भावाला सांगावं लागतं, नाहीतर सरकारने नेमलेल्या सहायकाची वाट बघावी लागते.