मालाच्या पत्त्यातला टक्का

दुकानाच्या साठ्याची माहिती पुरवणाऱ्या एपीआयमध्ये प्रत्येक वस्तूला स्वतंत्र वेब-पत्ता असतो आणि त्याच्या शेवटी वस्तूचा संकेतांक येतो. हा संकेतांक, म्हणजे एसकेयू, दुकानदार आपल्या सोयीने ठरवतो. त्यात मोकळी जागा येते, तिरकी रेघ येते, कधी देवनागरी अक्षरेही येतात. पत्त्यात उतरताना या सगळ्यांना टक्क्याचे चिन्ह लागते.

सर्न या संस्थेत वेब घडवताना टिम बर्नर्स-ली यांनी पायऱ्या दाखवणारी तिरकी रेघ युनिक्समधल्या फायलींच्या मार्गांवरून घेतली. जून १९९४ मधल्या आरएफसी १६३० या टिपणात त्यांनी टक्क्याचे चिन्ह एकाच कामासाठी राखले: न चालणाऱ्या अक्षराऐवजी टक्का लिहायचा आणि पुढे त्या अक्षराचा क्रमांक दोन षोडशमान अंकांत द्यायचा. मोकळ्या जागेचा क्रमांक ३२, षोडशमानात २०. म्हणून ती ‘%२०’ होते. तिरकी रेघ ‘%२एफ’ होते आणि खुद्द टक्का ‘%२५’. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या आरएफसी १७३८ ने कारणही नोंदवले. पत्ता छापताना किंवा पुन्हा टंकताना मोकळ्या जागा गळतात, नाहीतर नको तिथे घुसतात.

इतर लिप्यांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. बाइट टक्क्यात बदलता येत होते, पण अक्षराचे बाइट कोणत्या पद्धतीने काढायचे हे ठरलेले नव्हते. जानेवारी २००५ मधल्या आरएफसी ३९८६ ने नव्या पत्ता-योजनांसाठी यूटीएफ-८ या अक्षर-संकेतपद्धतीचा पाया दिला. त्यानुसार ‘साडी’तले स, काना, ड आणि वेलांटी प्रत्येकी तीन बाइट घेतात आणि दर बाइटला टक्क्यासह तीन चिन्हे लागतात; चार घटकांचा हा शब्द पत्त्यात ३६ चिन्हांचा होतो.

व्यापारात सर्वाधिक त्रास तिरकी रेघ देते. ‘साडी/१२’ हा संकेतांक तसाच घातला तर सर्व्हर त्याच्या दोन पायऱ्या करतो. ‘%२एफ’ लिहिले तरी अपाची सर्व्हर मूळ मांडणीत अशी विनंती ‘सापडले नाही’ या अर्थाचा ४०४ देऊन परतवतो. दुसरा घोळ दुहेरी बदलाचा. एका प्रोग्रॅमने केलेले ‘%२०’ दुसऱ्याने पुन्हा बदलले की ‘%२५२०’ होते आणि गोदामात असलेला माल एपीआयला सापडत नाही. एकच मजकूर दोनदा बदलू नये, असे आरएफसी ३९८६ स्पष्ट बजावते. म्हणून डेटाबेसमध्ये संकेतांक मूळ रूपातच ठेवावा आणि पत्ता जुळवताना एकदाच बदलावा, हेच योग्य.

बारकोडचे क्रमांक यातून सुटतात, कारण त्यांत निव्वळ अंक असतात. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरचा यूपीसी बारकोड पहिल्यांदा गल्ल्यावर वाचला गेला. त्या घराण्यातला क्रमांक आज जीएस१ डिजिटल लिंक या मानकात ‘/०१/’ नंतर थेट पत्त्यात बसतो. पण त्याच पत्त्यात पुढे येणाऱ्या बॅच आणि अनुक्रमांकांत अक्षरांसोबत तिरकी रेघही चालते, आणि तिथे मानकाला पुन्हा ‘%२एफ’च लिहावे लागते.