पुस्तक मागण्याचा अधिकार

एका विद्यापीठातला वाचक आणि दुसऱ्या विद्यापीठातले पुस्तक यांच्यामध्ये जवळपास शंभर वर्षे दोन ग्रंथपाल उभे होते. वाचकाने आपल्या ग्रंथपालाला गळ घालायची, त्याने दुसऱ्याला पत्र लिहायचे आणि दुसऱ्याच्या मर्जीने पुस्तक निघायचे. आज अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी रात्री दोन वाजता वसतिगृहाच्या खोलीतून पाचशे मैलांवरची प्रत स्वतः मागवतो. त्याला शिफारस लागत नाही, कारण सांगावे लागत नाही. हा सगळा संगणकाचा प्रताप, असे सहज म्हटले जाते. पण संगणक ग्रंथालयांत येऊन बसल्यावरही पंचवीसेक वर्षे मागणी ग्रंथपालाच्याच हातून जात होती. तेव्हा शोध घ्यायचा तो यंत्राचा नाही, परवानगीचा.

ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तके द्यावीत ही सूचना अमेरिकेत छापून आली ती 1876 मध्ये, ‘लायब्ररी जर्नल’च्या पहिल्याच अंकात. लिहिणारे सॅम्युअल स्वेट ग्रीन हे विद्यापीठाचे नव्हते. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर या कारखान्यांच्या गावात ते सार्वजनिक ग्रंथालय चालवत. ग्रंथपालाने वाचकांशी बोलावे, त्यांना काय हवे ते विचारावे, हा आग्रहही त्यांनी त्याच वर्षी मांडला. तेव्हाच्या ग्रंथालयांत तो आगाऊपणाच वाटला असणार. या दोन सूचना एकाच माणसाला एकाच वर्षी सुचल्या, हा योगायोग मला वाटत नाही. वाचकाचे ऐकून घेतले की आपल्या कपाटांत काय नाही ते उघडे पडते.

विद्यापीठांत ही प्रथा रुजवली बर्कलीच्या जोसेफ रोवेल यांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या ग्रंथपालाने 1886 मध्ये परवानगी मागितली, प्रत्यक्ष व्यवहार सुरू झाला 1894 मध्ये, तोही आधी कॅलिफोर्नियाच्या राज्य ग्रंथालयाशी. मग जो आम्हाला देईल त्याला आम्ही देऊ, असे निमंत्रण त्यांनी इतरांना धाडले. पूर्वेकडचे मोठे संग्रह हजारो मैलांवर असल्यामुळे ही निकड बर्कलीला आधी जाणवली. जर्मनीत प्रशियाच्या शिक्षण खात्यानेही 1890च्या दशकात विद्यापीठ ग्रंथालयांची देवघेव सरकारी हुकमाने बसवली. अमेरिकेत मात्र तो सौजन्याचा मामला राहिला.

सौजन्याचे नियम लवकरच लिहून काढावे लागले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची पहिली आचारसंहिता 1917 ते 1919 या काळात तयार झाली. मागणी वाचकाने नव्हे, ग्रंथालयाने करायची. ने-आणीचा खर्च मागणाऱ्याचा. बाजारात सहज मिळणारे पुस्तक मागायचे नाही. आपला संग्रह उधळला जाईल ही भीती या नियमांमागे दिसते आणि ती खोटी नव्हती. मोठ्या ग्रंथालयाकडे सगळेच मागतात, ते मात्र क्वचितच कोणाकडे मागते. शतकाच्या मध्यापर्यंत तर ही सोय मुख्यतः संशोधकांची, असेच रूढ झाले होते. अनेक ठिकाणी पदवीपूर्व विद्यार्थ्याने आंतरग्रंथालयीन देवघेवीचे नाव काढले, तर त्याला आपल्याच ग्रंथालयात जे आहे त्यावर निबंध लिहायला सांगत. कार्बन लावून भरायचे छापील फॉर्म आले, टेलिप्रिंटर आले, तरी सही ग्रंथपालाचीच राहिली.

दुसरी अडचण होती, पुस्तक आहे कुठे? लायब्ररी ऑफ काँग्रेसने विसाव्या शतकाच्या आरंभापासून इतर ग्रंथालयांची तालिकापत्रे गोळा करून राष्ट्रीय संयुक्त तालिका उभी केली. तिच्यातली 1956 पूर्वीच्या पुस्तकांची पत्रे छापायला 1968 ते 1981 इतका काळ लागला आणि त्यांचे 754 खंड झाले. हे खंड लावायलाच एक लांबलचक भिंत लागते! त्यातून पुस्तक कोणत्या ग्रंथालयाचे आहे ते कळे. पण ते आज कपाटात आहे की कोणी नेले आहे, हे कळायला पत्रच टाकावे लागे.

आता ओहायोकडे वळायला हवे, कारण या गोष्टीचा मोठा भाग तिथेच घडला. तिथल्या महाविद्यालयांनी 1967 मध्ये सामाईक संगणक-तालिकेसाठी ‘ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर’ स्थापले आणि येल विद्यापीठातून फ्रेडरिक किलगोर यांना बोलावून त्याची सूत्रे दिली. 26 ऑगस्ट 1971 रोजी अथेन्स गावच्या ओहायो विद्यापीठात त्यावर पहिल्यांदा तालिकीकरण झाले. हीच पुढे ओसीएलसी नावाने जगभर पसरलेली संस्था. 1979 मध्ये तिने देवघेवीची यंत्रणाही सुरू केली आणि पत्रांचे दिवस संपले. तरीही पडद्यासमोर बसायचा तो ग्रंथालयाचा कर्मचारी. वाचक अजून काउंटरच्या पलीकडेच होता.

त्याला अलीकडे आणले ते जागेच्या टंचाईने. 1980च्या दशकात ओहायोतली सरकारी विद्यापीठे एकामागून एक ग्रंथालयांच्या नव्या इमारतींसाठी पैसे मागत होती. राज्याच्या उच्चशिक्षण मंडळाने समिती नेमली. समितीने 1987 मध्ये सांगितले ते थोडक्यात असे : प्रत्येकाने इमारती बांधत बसू नये, कमी वापराची पुस्तके प्रादेशिक साठवण-केंद्रांत दाट रचून ठेवावीत आणि सगळ्यांची मिळून एक संगणक-तालिका करावी. यातून ओहायोलिंक हे राज्यातल्या ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. तालिका 1992 मध्ये उघडली आणि 1994 मध्ये वाचकाला स्वतः मागणी नोंदवण्याची मुभा मिळाली. वाचनप्रेमाने नव्हे, सिमेंटच्या खर्चाने हे दार उघडले, याची गंमत वाटते.

यंत्रणा कॅलिफोर्नियातल्या इनोव्हेटिव्ह इंटरफेसेस या कंपनीची होती. जुन्या संयुक्त तालिकेला जे ठाऊक नव्हते ते हिला ठाऊक होते : प्रत या क्षणी कपाटात आहे का. वाचक आपले विद्यापीठ, नाव आणि ओळखक्रमांक भरतो. त्याचे खाते चालू आहे, दंड थकलेला नाही, याची खात्री त्याच्या ग्रंथालयाचा संगणक देतो. ज्याच्याकडे प्रत मोकळी आहे अशा एखाद्या ग्रंथालयाकडे मागणी जाते, तिथे चिठ्ठी छापून निघते, पुस्तक कपाटातून काढले जाते आणि कुरिअरच्या गाडीत चढते. काही दिवसांत ते वाचकाच्या नेहमीच्या काउंटरवर येते. माणसे कामाला आहेतच, फक्त नकार देण्याच्या जागेवर कोणी उरले नाही.

यासाठी मोठा करार करावा लागला तो विश्वासाचा. तुमच्या विद्यार्थ्याला आम्ही आमचाच मानू, हे ओहायो स्टेटसारख्या प्रचंड विद्यापीठाने दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या छोट्या महाविद्यालयांच्या बाबतीतही मान्य केले. प्राध्यापक आणि नवखा विद्यार्थी एकाच रांगेत आले.

श्रीमंत विद्यापीठे या रांगेत जरा उशिराने आली. कोलंबिया, येल आणि पेनसिल्व्हेनिया यांनी 1999 मध्ये ‘बॉरो डायरेक्ट’ सुरू केले. 2002 मध्ये ब्राऊन, कॉर्नेल, डार्टमथ आणि प्रिन्स्टन आत आली. हार्वर्ड आले 2011 मध्ये. त्यालाही इतिहास आहे. 1974 मध्ये कोलंबिया, येल, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी आणि हार्वर्ड यांनी मिळून रिसर्च लायब्ररीज ग्रुप काढला होता, पण हार्वर्ड त्यातून थोड्याच वर्षांत बाहेर पडले. जगातला सर्वांत मोठा विद्यापीठीय संग्रह असणाऱ्याला शेजाऱ्याची गरज उशिरा पटते, एवढेच म्हणावे.

पटायला हिशेबही मदतीला होता. असोसिएशन ऑफ रिसर्च लायब्ररीजने 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ग्रंथपालांमार्फत होणाऱ्या एका देवघेवीला मोठ्या ग्रंथालयांत दोन्ही बाजू मिळून सुमारे 28 डॉलर खर्च येत होता आणि मागवलेली गोष्ट हाती पडायला सरासरी दोन आठवड्यांहून जास्त वेळ लागत होता. खर्चाचा मोठा भाग टपालाचा नव्हे, पगाराचा होता. वाचकाने स्वतः केलेली मागणी स्वस्त पडते आणि लवकर पोचते, हे मग सगळ्यांच्याच लक्षात आले.

मराठी वाचकाचाही या व्यवहाराशी धागा आहे. अमेरिकेने भारताला दिलेल्या धान्याच्या बदल्यात रुपयांत जमा झालेल्या रकमेतून, पीएल-480 कायद्याखाली, लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1960च्या दशकात दिल्लीच्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठी कादंबऱ्या, चरित्रे, मासिके शिकागो आणि पेनसिल्व्हेनियाच्या कपाटांत गेली ती या वाटेने. शिकागो पुढे बॉरो डायरेक्टमध्ये आले. त्यामुळे मराठीचा विभागच नसलेल्या एखाद्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुलीलाही ही पुस्तके मागवता येतात.

ई-पुस्तकांनी मात्र काटा उलटा फिरवला आहे. छापील प्रत ग्रंथालयाच्या मालकीची असते, म्हणून ती उसनी देता येते. ई-पुस्तकाचा बहुधा परवानाच विकत मिळतो आणि अख्खे पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाला द्यायला तो सहसा मनाई करतो. वाचकाच्या मार्गातून ग्रंथपाल हटला, त्या जागी प्रकाशकाचा वकील येऊन बसला.

आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी वाचकाचा वेळ वाचवण्याचा नियम 1931 मध्येच घालून दिला. डेलनेट हे दिल्लीतले ग्रंथालयांचे जाळे 1988 पासून आहे. इन्फ्लिबनेट केंद्राच्या इंडकॅट या संयुक्त तालिकेत देशभरच्या विद्यापीठांची पुस्तके शोधता येतात. पण त्या तालिकेत पुस्तक सापडल्यावर मागणीसाठी ग्रंथपालाकडेच जावे लागते. डेलनेटलाही मागणी जाते ती सभासद ग्रंथालयाकडून. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर या शहरांदरम्यान रोज कुरिअर धावतात. तिथल्या विद्यापीठांना संगणक मिळाले, तालिका झाल्या. राहिला आहे तो एकमेकांचे विद्यार्थी आपले मानण्याचा करार. ग्रंथालयाच्या नव्या इमारतीचा प्रस्ताव पुढच्या वेळी व्यवस्थापन परिषदेपुढे येईल तेव्हा कोणा सदस्याने ओहायोचा 1987चा अहवाल मागवून वाचावा. तोही बहुधा आंतरग्रंथालयीन देवघेवीनेच मागवावा लागेल.